देऊळ वाढतं, राई आटते

घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या देवरायांकडे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांकडे, अलीकडे पर्यटकांची पावलं वळू लागली आहेत. गड झाले, धबधबे झाले, आता देवराई. जुनी झाडं, त्यांच्या पोटात दडलेलं जुनं देऊळ आणि बाजूने वाहणारा ओहोळ एवढं एका ठिकाणी मिळत असेल तर माणसं जाणारच. त्यांनी जावं की जाऊ नये, यावर शहरात बरीच चर्चा होते. मला मात्र देवराईला खरा धोका दिसतो तो देवळाच्या जीर्णोद्धारात. आणि पर्यटनाच्या नावाखाली त्याला सरकारी निधी मिळू लागल्यापासून तो वाढला आहे. गावात हे मोठ्याने बोलायची सोय नाही. देवाच्या कामात आडवा आला म्हणून शिक्का बसतो. म्हणून लिहून ठेवतो.

आधी देवराई म्हणजे काय ते जवळून पाहू. मे महिन्यात बाहेरचा कातळ तापून पांढराफटक पडलेला असतो, गवत जळून गेलेलं असतं. राईच्या कडेची झाडं ओलांडून आत गेलं की पायाखाली पाल्याचा जाड थर लागतो. वरचा सुका पाला हाताने बाजूला केला तर खाली काळसर, ओलसर माती लागते आणि तिच्यात बुरशीचे पांढरे तंतू पसरलेले दिसतात. हा थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो, म्हणून बऱ्याच राईंच्या पोटातून निघणारा झरा शेजारच्या उघड्या डोंगरावरच्या झऱ्यापेक्षा उशिरा आटतो. वर बेहडा, आंबा, जांभूळ, सातवीण, कुंभा. त्यांच्यावरून मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली गेलेल्या, त्यांच्या शेंगा हातभर-दीड हात लांब. या सगळ्यात देव कुठे, तर एखाद्या खोडाशी ठेवलेला शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड. काळकाई, वाघजाई, सोमजाई, भैरवनाथ, म्हातोबा. शेजारी वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारक-दगडांची, रांग: खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात पडलेल्या वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवलिंगाची पूजा, माथ्यावर सूर्य-चंद्र. कोण लढला, कोणासाठी, हे गावाला ठाऊक नसतं. पण दगड जागचा हलवायचा नाही, एवढं ठाऊक असतं.

नियम साधे होते. राईतली फांदी तोडायची नाही, सुकं लाकूडही घरी न्यायचं नाही, शिकार करायची नाही, बऱ्याच ठिकाणी वहाणा बाहेर काढायच्या. देवळाच्या दुरुस्तीसाठी लाकूड हवं असेल तर गुरवाने देवाला कौल लावायचा आणि कौल मिळाला तरच कुऱ्हाड चालवायची. इंग्रजी अमदानीतले पहिले वन महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकातच भारतातल्या या देवाच्या वनांची दखल घेतली होती. महाराष्ट्रात 1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी गावोगाव फिरून देवरायांचा अभ्यास केला आणि सदाहरित जंगलाचे शेवटचे तुकडे कुठेकुठे या देवांच्या धाकाने टिकले आहेत, हे शास्त्रीय भाषेत मांडलं. आज राज्यात नोंद झालेल्या देवराया अडीच-तीन हजारांच्या घरात आहेत. बहुतेक लहान, काही एकरांच्या. हा लहानपणा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

आता जीर्णोद्धार कसा होतो ते पाहा. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत ठरतं की आपल्या देवीचं देऊळ फार मोडकळीला आलंय, शेजारच्या गावाने कसं झकास बांधलंय. वर्गणी निघते. स्थानिक पुढारी म्हणतात, क वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळवून देतो, जिल्हा नियोजनातून निधी आणतो. दर्जा मिळतो. जांभ्याच्या भिंती, लाकडी खांब-तुळया आणि कौलारू छप्पर उतरवून आरसीसीचा सांगाडा उभा राहतो. सामान न्यायला डंपर यायला हवा, म्हणून पायवाटेचा रस्ता होतो. काम संपल्यावर त्या रस्त्याची पुन्हा पायवाट झाल्याचं मी तरी कुठे पाहिलं नाही. मग सभामंडप. मग स्वयंपाकाची शेड, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, वाहनतळ, पेव्हर ब्लॉक आणि शेवटी हायमास्ट दिवा. प्रत्येक वेळी जागा दोन-चार गुंठ्यांचीच लागते, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतं, एवढ्याशा जागेने काय होतंय? पन्नास एकरांच्या जंगलात खरंच काही होत नसेल. तीन एकरांच्या राईत मधोमध दोन-चार गुंठे उघडे पडले की ऊन आणि वारा थेट आत शिरतात, पाल्याचा थर सुकतो आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत तिथे रानमोडी आणि टणटणीसारखं तण माजतं. कडेचं जंगल आणि पोटातलं जंगल असा फरकच मग उरत नाही; सगळी राई कड होऊन बसते.

कित्येक ठिकाणी याहून सरळ प्रकार झाले आहेत. जीर्णोद्धाराला पैसे कमी पडले म्हणून राईतलीच झाडं ठेकेदाराला विकली गेली. देवाचं लाकूड देवाच्याच कामाला लागलं, अशी मनाची समजूतही घातली गेली. जुना संकेत नेमका हाच होता, पण तेव्हा चार वासे बदलायला एखादं झाड जायचं; आता स्लॅब टाकायला शेकडा जातात.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला झाडतोडीपेक्षाही महत्त्वाची वाटते. देऊळ बदलतं तेव्हा देवही बदलतो. तांदळ्याच्या जागी संगमरवरी, साडी नेसलेली, हसऱ्या चेहऱ्याची मूर्ती येते. काळकाईची महाकाली होते, वाघजाईची दुर्गा. जुनी देवी रानात राहत होती. रान हेच तिचं घर होतं, म्हणून फांदी तोडली की ती कोपायची. नवी देवी गाभाऱ्यात राहते. तिच्यासाठी टाइल्स स्वच्छ हव्यात, कळस उंच हवा, समोर मोकळं आवार हवं. पंचवीस फुटांवरच्या बेहड्याशी तिचं काही देणंघेणं नाही. उलट त्याचा पाला आवारात पडतो म्हणून तो नडतोच. कोप नाहीसा व्हायला शिक्षण आणि विज्ञान कारणीभूत झालं असं आपण समजतो. ज्या गावांत भक्ती आधीपेक्षा वाढली, त्याच गावांत राई गेली, याचं उत्तर त्या समजुतीत मिळत नाही.

यावर गावाकडून जे म्हटलं जातं ते खोटं नाही, आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. पहिलं म्हणणं असं, की पावसात चिखलातून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या दर्शनाला जातात, घसरून पडतात. तुम्हाला शहरात लिफ्ट हवी आणि आमच्या देवाला छप्परही नको? हा टोला वर्मी बसणारा आहे. ओल्या भिंतीचं, गळक्या कौलांचं देऊळ फोटोत सुंदर दिसतं. तिथे रोज दिवा लावणाऱ्या गुरवाला ते सुंदर वाटत नाही. दुसरं म्हणणं, काँक्रीट आलं म्हणून लाकूड वाचलं. यातही तथ्य आहे. तिसरी गोष्ट गाव सहसा बोलत नाही, आपणच बोलायला हवी: जुने सगळे नियम झाडं राखणारे नव्हते. काही राईंत बायकांना प्रवेश नव्हता. मानपानाच्या उतरंडीत कोणी कुठवर यायचं हे जातीवर ठरत होतं. परंपरा जपा, असं सरसकट म्हणणाऱ्याने हेही जपायचं का ते सांगावं. मी म्हणेन, कुऱ्हाडबंदी ठेवावी आणि माणसांवरची बंदी काढावी. नियम निवडून घ्यावे लागतात. पूर्वजांनीही ते निवडूनच घेतले असणार.

पण म्हातारीचा पाय घसरू नये यासाठी सभामंडप लागत नाही. त्यासाठी दगडी पायऱ्या लागतात आणि धरायला कठडा लागतो. गळकं छप्पर दुरुस्त करायला जोतं वाढवावं लागत नाही. आहे त्या जोत्यावर, आहे त्या उंचीत जांभा, चुना आणि लाकूड वापरून देऊळ नीट उभं करता येतं. तसे गवंडी आणि सुतार कोकणात अजून आहेत, कामाअभावी कमी होत चालले आहेत. अंदाजपत्रकात मात्र या कामाला जागा नसते, कारण चौरस फूट वाढत नाहीत. आणि खरं सांगायचं तर कोनशिला लावायला भिंत लागते. झाडाच्या मुळाला निधी दिला तर नाव कुठे लिहिणार?

पेव्हर ब्लॉकचं एकदा नीट बोलायलाच हवं, कारण ते निरुपद्रवी समजले जातात. जुन्या झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. फरशी बसवण्याआधी जमीन रोलरने दाबतात. दाबलेल्या मातीत हवा राहत नाही, पाणी मुरत नाही. झाड त्या वर्षी मरत नाही. चार-पाच वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागतं आणि तोवर फरशीचं बिल निघून गेलेलं असतं. मग तेच वाळलेलं झाड धोकादायक ठरवून तोडतात. खरं तर वाळकं, पोकळ झाड हाच राईचा सर्वांत भरलेला वाडा असतो. धनेशाची मादी विणीच्या काळात अशाच जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचं तोंड लिंपून चोचीपुरती फट ठेवते आणि नर आठवडेच्या आठवडे फळं आणून तिला भरवतो. पन्नास वर्षांच्या झाडाला तिला पुरेल एवढी ढोली बहुधा नसते. नवी रोपं लावून ही भरपाई होत नाही, मग वनमहोत्सवात कितीही खड्डे खणा.

झाडांच्या वयाबद्दल एक जाता जाता. हल्ली राईच्या तोंडाशी ‘एक हजार वर्षांचा वृक्ष’ अशा पाट्या दिसतात. उष्ण कटिबंधातल्या पुष्कळ झाडांमध्ये वर्षाची कडी स्पष्ट उमटत नाही, त्यामुळे वय असं ठामपणे सांगणं कठीण असतं. झाड मोठं आहे, जुनं आहे, एवढं पुरेसं नाही का? आकडा टाकला की झाड प्रेक्षणीय होतं, आणि प्रेक्षणीय झालं की त्याच्याभोवती सिमेंटचा पार बांधला जातो.

आता पाहुण्यांकडे वळतो. भीमाशंकर हे आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण. ज्योतिर्लिंग, भीमेचं उगमस्थान, नाना फडणविसांनी बांधवलेलं शिखर, वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा असा देवळाचा इतिहास. आणि भोवती सुमारे 130 चौरस किलोमीटरचं, 1985 साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं जंगल, जिथे आपला राज्यप्राणी शेकरू राहतो. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला लोटणाऱ्या गर्दीतला बहुतेक भाविक गाडीतून उतरतो, पायऱ्या उतरून रांगेत उभा राहतो, दर्शन घेऊन पायऱ्या चढतो आणि गाडीत बसतो. जंगल त्याच्या लेखी रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवा रंग असतो. त्याचा दोष नाही, त्याला तसंच आणलं जातं. मोठं तीर्थक्षेत्र आहे, तिथे लाखोंची सोय करावीच लागते. पण पाचशे उंबऱ्यांच्या गावातल्या काळकाईच्या राईला आपण त्याच साच्यात ओतायला निघालो आहोत. तिथे लाखो कधी येणार नाहीत, सोय मात्र लाखोंची.

भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांच्या हंगामात जे होतं त्यातूनही शिकता येईल. काजवा प्रकाशाने जोडीदार शोधतो. गाड्यांच्या दिव्यांनी आणि मोबाइलच्या टॉर्चने भरलेल्या रानात तो काय शोधणार? गावाला त्या गर्दीतून थोडे पैसे मिळतात हे खरं आणि ते महत्त्वाचंही आहे. तरी येणाऱ्याने कसं वागायचं हे सांगण्याचा अधिकार आणि बळ गावाच्या हातात नसेल, तर पैसे देणारा पाहुणा दोन-चार हंगामांत पैसे देण्याचं कारणच संपवून टाकतो.

अधिकार गावाकडे असेल तर काय होतं, हे मेघालयातल्या मावफलांगच्या देवराईत दिसतं. तिथे पर्यटक येतात, फी भरतात आणि गावातल्याच मार्गदर्शकाबरोबर आत जातात. आतून काहीही बाहेर न्यायचं नाही, पडलेलं पानसुद्धा नाही, हा जुना खासी नियम पाहुण्यांनाही लागू आहे. त्या नियमाची गोष्ट ऐकायलाच लोक येतात. आपल्याकडे उलटं चालतं. नियम मोडून सोयी करायच्या आणि मग सोयींना गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून रडायचं.

टोकियोतल्या मेइजी मंदिराचं वन तर माणसांनी लावलेलं आहे. 1920 साली मंदिराची प्रतिष्ठापना झाली, त्याआधी ओसाड जागेवर देशभरातून दान आलेली सुमारे एक लाख झाडं सत्तर हेक्टरांवर लावली गेली. पंतप्रधान ओकुमा यांना तिथे निक्को या तीर्थस्थानासारखे उंच, रुबाबदार देवदारी वृक्ष हवे होते. वनशास्त्रज्ञांनी ठाम नकार दिला: इथल्या मातीत ते टिकणार नाहीत, इथली सदाहरित रुंद पानांची झाडंच स्वतःहून वाढत राहतील. पंतप्रधानांना ऐकावं लागलं. आजही तिथले झाडूवाले वाटेवर पडलेली पानं गोळा करतात आणि कचऱ्यात न टाकता परत झाडांखाली नेऊन पसरतात. आमच्याकडे देवळाच्या आवारातला पाला झाडून आवारातच पेटवतात, तेही स्वच्छता अभियानात.

कायद्याचं काय? 2021 मध्ये महाराष्ट्राने नागरी भागातल्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात बदल करून पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. चांगलं झालं, पण तो कायदाच मुळात शहरांपुरता. पुण्यातल्या रस्त्याकडेचं साठ वर्षांचं झाड वारसा ठरतं आणि राजगडच्या पायथ्याच्या राईतला त्याच्या दुप्पट वयाचा कुंभा त्या यादीत येत नाही. जैवविविधता कायदा 2002च्या कलम 37खाली राज्य सरकारला स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून वारसा स्थळ जाहीर करता येतं. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याच्या रानजायफळाच्या दलदलीला तो दर्जा मिळाला आहे. जेमतेम अडीच हेक्टरांची जागा, देवाची राई म्हणून गावाने राखलेली. म्हणजे लहान तुकड्यालाही संरक्षण देता येतं, इच्छा असेल तर. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2024च्या निकालात राजस्थानातल्या ओरणांचं, म्हणजे तिथल्या देवरायांचं, सर्वेक्षण करून ती वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं, आणि केंद्राला देशभरातल्या देववनांसाठी धोरण आखण्याची शिफारसही केली. महाराष्ट्राने त्या धोरणाची वाट पाहत बसायचं कारण नाही.

आपली खरी अडचण अशी, की राईची जमीन नेमकी कोणाची हेच ठिकठिकाणी वेगळं आहे. कुठे ती वनखात्याकडे, कुठे महसूल खात्याकडे, कुठे देवस्थानाच्या नावावर, तर रत्नागिरीकडे बऱ्याच ठिकाणी खाजगी. सिंधुदुर्गातली कित्येक देवस्थानं कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या कक्षेत येतात, जी तीन हजारांहून अधिक देवळांचा कारभार पाहते. सातबाऱ्यावर ‘देवराई’ असा शब्द क्वचितच सापडतो. कागदावर जे नाही त्याची हद्द मोजता येत नाही, आणि ज्याची हद्द नाही ते दर पिढीला आत सरकतं. म्हणून पहिला निधी मोजणीला द्यावा. राईची हद्द मोजून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तिची नोंद घ्यावी. त्या हद्दीच्या आत नवं बांधकाम नाही, हा नियम तीर्थक्षेत्र निधीच्या अटींतच घालावा. वाहनतळ, स्वच्छतागृह, जेवणाची सोय गावठाणात करावी, म्हणजे पाहुण्याचा पैसाही गावातून फिरेल. राईत जायची वाट एकच, पायी, गावातल्या माणसाबरोबर. आणि त्या माणसाची मजुरी निधीतून. रात्री दिवा नाही.

यातलं काहीच गावाला डावलून करायचं नाही. तसं केलं तर राई सरकारची होते, आणि सरकारी झालेल्या रानाचं काय होतं हे गावाने पिढ्यान् पिढ्या पाहिलंय. निर्णय ग्रामसभेनेच घ्यावा. पण आज ग्रामसभेपुढे येतं ते फक्त अंदाजपत्रक: सिमेंट किती, सळई किती, ब्रास किती. त्याला आणखी एक कागद जोडणं सक्तीचं करा. प्रस्तावित मंडपाच्या, रस्त्याच्या आणि वाहनतळाच्या जागेत येणाऱ्या प्रत्येक झाडाचं नाव आणि घेर त्यावर लिहिलेला असावा, जवळून झरा जात असेल तर तोही, वीरगळ असतील तर तेही. ही यादी वनरक्षक, गुरव आणि गावातला एखादा जाणकार वैदू यांनी मिळून जागेवर फिरून करावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी, बायकांची उपस्थिती पुरेशी असताना, कारण पाणी त्या भरतात. त्यानंतरही गावाने मंडपाच्या बाजूने हात वर केले आणि कायद्याची आडकाठी नसेल, तर बाहेरच्या कोणी, मीही त्यात आलो, गावाच्या देवावर भाषण देऊ नये.